शैक्षणिक इंग्रजीच्या अभ्यासक्रमाचं मूल्यमापन: कसं करायचं आणि त्याची झळ कोणाला बसते

अभ्यासक्रमाचं मूल्यमापन होणार आहे, अशी सूचना निघाली की त्याच आठवड्यात वातावरण बदलतं. फायली नीट लागतात, हजेरीपटाचे रिकामे रकाने भरले जातात, नेहमीचा रखडत चालणारा पण कामाचा पाठ बाजूला पडून त्या जागी चकचकीत स्लाइड्सचा पाठ येतो. अजून एकही प्रश्नावली वाटलेली नसते. जे मोजायचं ते मोजणारा दारात येण्याआधीच जागचं हललेलं असतं. मूल्यमापनावरच्या लेखनात साधनं आणि आकडेमोड यांवर भरपूर मजकूर मिळतो आणि माणसांवर होणारा परिणाम शेवटी कुठेतरी उरकला जातो. हा क्रम मला उलटा वाटतो. मूल्यमापन ही अभ्यासक्रमात केलेली ढवळाढवळच आहे, तेव्हा ती कोणाला, कधी आणि कशी लागणार याचा हिशेब प्रत्येक पायरीवर मांडावा लागतो. ज्या शिक्षकाच्या किंवा समन्वयकाच्या गळ्यात हे काम पडलंय, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

शैक्षणिक इंग्रजी म्हणजे उच्च शिक्षण इंग्रजीतून घ्यायचं तर लागणारं इंग्रजी. लेक्चर ऐकता ऐकता नोट्स काढणं, तीस पानी लेखातून आपल्या कामाचं दीड पान शोधणं, दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडून संदर्भ देणं, चर्चासत्रात योग्य वेळी तोंड उघडणं. संभाषणाच्या क्लासचं मोजमाप इथे लावून चालत नाही. आणखी एक फरक आधीच लक्षात घ्या. परीक्षा विद्यार्थ्याला जोखते, मूल्यमापन अभ्यासक्रमाला. सगळा वर्ग पास झाला म्हणून अभ्यासक्रम चांगला ठरत नाही. ती मुलं कदाचित तशीही पास झाली असती.

कोणता निर्णय अडलाय, ते विचारा

काम अंगावर आलं की पहिला मोह फॉर्म तयार करण्याचा होतो. तो आवरा. ज्यांनी मूल्यमापन करायला सांगितलं त्यांच्यासमोर बसा आणि विचारा, "अहवाल हातात आल्यावर तुम्ही नेमकं काय ठरवणार आहात?" "बघू, काय निघतं ते" असं उत्तर आलं तर आणखी खोदा. तास कमी करायचे आहेत का? अभ्यासक्रम सक्तीचा करायचाय? पुस्तक बदलायचंय? की एखाद्या समितीला दाखवायला कागद हवाय? शेवटचं कारणही चालतं, फक्त ते माहीत असावं. कागदच हवा असेल तर आधीच्या नोंदींवर भागतं, त्यासाठी शेकडो विद्यार्थ्यांचा तास खर्ची घालायची गरज नाही.

मिळालेलं उत्तर एका वाक्यात लिहून काढा आणि त्यांना दाखवून घ्या. 'लेखनाचे तास आठवड्याला चारावरून दोनवर आणावेत की नाही, हे जूनच्या बैठकीत ठरवण्यासाठी' इतकं नेमकं वाक्य हवं. नंतर कोणी "जरा वर्गातल्या बाकांबद्दलही विचारा ना" म्हणालं की हेच वाक्य पुढे करायचं.

याच टप्प्यावर आकारिक आणि संकलित मूल्यमापन यांतला फरक कागदावर आणा. मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये हे दोन हेतू वेगळे काढले: एक चालू काम सुधारण्यासाठी, दुसरा झालेल्या कामाचा निवाडा करण्यासाठी. कागदावर हा फरक सगळ्यांना पाठ असतो, प्रत्यक्षात दोन्ही एकाच फॉर्ममध्ये कोंबले जातात. मग होतं काय, की ज्या कागदावर पुढच्या वर्षीचं कंत्राट ठरणार, त्याच कागदावर शिक्षिकेनं 'संदर्भलेखन शिकवताना मी चाचपडते' असं लिहावं अशी अपेक्षा केली जाते. ती लिहीत नाही. लिहू नयेच. एकाच वेळी दोन्ही करायचं असेल तर माणसं वेगळी, कागद वेगळे आणि वेळही वेगळी ठेवा. सुधारणेसाठी गोळा केलेली माहिती नेमणुकीच्या फाइलला लागणार नाही, हे लेखी द्या. तोंडी आश्वासनावर शिक्षक विश्वास ठेवत नाहीत, आणि बहुधा त्यांना तसा अनुभव आलेला असतो.

कोण कोण गुंतलंय आणि कोणाचं काय पणाला लागलंय

एक साधा तक्ता करा. डावीकडे माणसं, मधल्या रकान्यात त्यांना यातून काय मिळेल, उजवीकडे ते काय गमावू शकतात. विद्यार्थी, इंग्रजीचे शिक्षक, ज्या विभागांत ही मुलं पुढे जातात तिथले विषयशिक्षक, प्रशासन, आणि स्वतः तुम्ही. उजवा रकाना भरताना बहुतेकांचा हात अडतो, पण खरं काम तिथेच आहे.

इंग्रजीच्या शिक्षकांचं सगळ्यात जास्त पणाला लागलेलं असतं. शैक्षणिक इंग्रजीचे विभाग बऱ्याच ठिकाणी 'सेवा देणारे' मानले जातात. शिक्षक तासिका तत्त्वावर किंवा तात्पुरत्या करारावर असतात आणि विषयविभागांच्या तुलनेत त्यांचा शब्द हलका पडतो. अशा माणसाला 'तुमच्या कामाचं मूल्यमापन' हे शब्द कसे ऐकू येतात याचा विचार करा. विद्यार्थ्यांची भीती वेगळी असते: आपण खरं लिहिलं तर गुणांवर परिणाम होईल का? विषयशिक्षकांचं फारसं काही जात नाही, म्हणून ते वेळही देत नाहीत. प्रशासनाला आकडा हवा असतो, आणि तो लवकर हवा असतो.

आणि तुम्ही? तुम्ही आतले असाल तर काल ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांच्याबद्दल लिहिणार आहात. तुम्हाला काय विचारायचं हे ठाऊक असतं, पण काय विचारायचं टाळायचं हेही ठाऊक असतं, आणि ते जास्त धोक्याचं. बाहेरून आलेल्याला तो संकोच नसतो. मात्र विमानानं आला, तीन दिवस पाहिलं, अहवाल देऊन विमानानं गेला अशा तज्ज्ञाची इंग्रजी अध्यापनाच्या क्षेत्रात पुरेशी चेष्टा झालेली आहे. दोघांची जोडी जमली तर उत्तम. ब्राझीलमधल्या विद्यापीठांमध्ये विशिष्ट हेतूंसाठी इंग्रजी शिकवण्याचा जो राष्ट्रीय प्रकल्प १९८०च्या दशकात चालला, त्याच्या मूल्यमापनात शिक्षकांनाच सहभागी करून घेतलं होतं. असं केलं की काम लांबतं, बैठका वाढतात. पण शिक्षकांनी स्वतः विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्यांना झटकून टाकता येत नाहीत.

गरज तपासा, तीही विषयविभागात जाऊन

अभ्यासक्रम आपली उद्दिष्टं पूर्ण करतो का, हे सगळे विचारतात. ती उद्दिष्टंच बरोबर आहेत का, हे फार थोडे. टॉम हचिन्सन आणि ॲलन वॉटर्स यांनी १९८७ मध्ये गरजांची तीन भागांत फोड केली: पुढच्या कामाला काय लागतं, विद्यार्थ्याकडे काय कमी आहे आणि विद्यार्थ्याला स्वतःला काय हवंय. तिन्ही एकमेकांशी जुळतीलच असं नाही. मुलांना अस्खलित बोलायचं असतं, विभागाला प्रयोगाचा अहवाल हवा असतो आणि अभ्यासक्रम शिकवत असतो पाच परिच्छेदांचा निबंध.

म्हणून विषयविभागात जा आणि मतं विचारण्याऐवजी वस्तू मागा. गेल्या सत्रात दिलेलं एक असाइनमेंट, त्याचे गुणनिकष, आणि नावं झाकून एक चांगला, एक मध्यम, एक नापास झालेला पेपर. 'मुलांचं इंग्रजी कच्चं आहे' हे वाक्य तुम्हाला प्रत्येक विषयशिक्षकाकडून ऐकायला मिळेल आणि त्यातून काहीही हाती लागणार नाही. तोच शिक्षक नापास पेपर समोर ठेवून बोलायला लागला की म्हणतो, "हे बघा, इथे याने तीन लेखकांचं म्हणणं एकाखाली एक लिहिलंय, पण ते एकमेकांशी सहमत आहेत की नाहीत ते सांगितलंच नाही." आता तुम्हाला निकष मिळाला. व्याकरणाची चूक त्या पानावर कदाचित एकही नसेल.

शब्दसंग्रहाचंही तसंच. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शैक्षणिक शब्दांच्या यादीत ५७० शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं मिळून एक कूळ) आहेत आणि शैक्षणिक मजकुरातले साधारण दहा टक्के शब्द त्यांतले असतात. यादी उपयोगी आहे, पण ती पाठ करून घेणं सोपं आणि चाचणी घेणं त्याहून सोपं, म्हणून अभ्यासक्रमात तिचं वजन फुगत जातं. जे सहज मोजता येतं ते वाढत जातं, ही खूण दिसली की टिपून ठेवा.

सुरुवातीची स्थिती नोंदवा

अभ्यासक्रम संपत आल्यावर मूल्यमापनाची आठवण होते, तोवर पहिल्या आठवड्यातलं लेखन रद्दीत गेलेलं असतं. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात खऱ्या असाइनमेंटसारखं एक छोटं काम लिहून घ्या. दोन लहान उतारे द्या, त्यांतल्या मतांची तुलना करायला लावा, तासभर वेळ. शेवटच्या आठवड्यात तितक्याच अवघड, पण वेगळ्या विषयावरच्या उताऱ्यांवर तेच काम. शक्य असेल तर अर्ध्या वर्गाला पहिल्यांदा 'अ' संच आणि नंतर 'ब', उरलेल्यांना उलट. एक संच सोपा निघाला तरी त्याचा फायदा प्रगतीच्या नावावर जमा होत नाही.

तपासणीत एक पथ्य पाळाच. नावं आणि तारखा काढून टाका, आधीचे आणि नंतरचे पेपर एकत्र मिसळा आणि ते दोघा तपासनिसांना द्या. कोणता पेपर कधीचा हे त्यांना कळता कामा नये. ते कळलं की नकळत हात सैल पडतो, कारण आपण शिकवलेल्या मुलांनी सुधारावं असं कोणाला वाटत नाही? पहिले दहा पेपर दोघांनी स्वतंत्र तपासावेत, मग बसून तुलना करावी. इथे गंमत होते. एकाने ज्याला अठरा दिले त्याला दुसऱ्याने अकरा दिलेले असतात आणि पाऊण तासाच्या वादानंतर कळतं की 'युक्तिवाद' म्हणजे एकाला ठाम मत हवं होतं, दुसऱ्याला विरुद्ध बाजूची दखल. मुलांना गेलं वर्षभर दोन वेगळ्या गोष्टी शिकवल्या जात होत्या! संपूर्ण मूल्यमापनातून एवढंच बाहेर आलं तरी खर्च वसूल झाला, असं मी म्हणेन.

पेपरांत काय पाहायचं याचं एक जवळचं उदाहरण. मूळ उताऱ्यात संशोधकाने लिहिलंय की अमुक आणि तमुक यांचा संबंध 'असू शकतो'. पहिल्या आठवड्यात विद्यार्थी लिहितो, 'संशोधनाने सिद्ध झालं आहे'. शेवटच्या आठवड्यात तोच विद्यार्थी दुसऱ्या उताऱ्याबद्दल लिहितो, 'लेखकाच्या मते असं दिसतं, मात्र हा निष्कर्ष एका छोट्या गटावर आधारलेला आहे'. वाक्यात एखादा प्रत्यय चुकलेलाही असेल, पण दावा किती वजनाने करायचा ही समज आलेली आहे. गुणनिकषांत त्यासाठी जागा नसेल तर ही प्रगती आकड्यात दिसणारच नाही.

काही सापळे. पहिल्या चाचणीत फार कमी गुण पडलेल्यांचेच आकडे पुढे केले तर सुधारणा आपोआप जास्त दिसते. टोकाचे गुण पुढच्या वेळी सरासरीकडे सरकतातच, शिकवा किंवा नका शिकवू. दुसरं, सर्वसाधारण इंग्रजीच्या प्रमाणित परीक्षांच्या पट्ट्या जाडसर असतात. आयईएलटीएसमध्ये शून्य ते नऊ बँड अर्ध्या-अर्ध्याच्या पायरीने मिळतात. काही आठवड्यांच्या अभ्यासक्रमाने बँड हलला नाही म्हणून तो वाया गेला असं होत नाही, आणि हलला तर त्याचं श्रेय अभ्यासक्रमालाच द्यावं असंही नाही. तिसरं, तुलनेसाठी अभ्यासक्रम न केलेला गट मिळणं अवघड. मुद्दाम काही मुलांना बाहेर ठेवणं तर अन्यायाचंच. गटच करायचा असेल तर दोन पाळ्यांत तुकड्या भरतात तिथे नंतरच्या पाळीतल्या मुलांना सुरुवातीची चाचणी द्यावी, एवढ्यावर समाधान मानावं.

चाचणीच्या निवडीतच निकाल दडलेला असतो. एन. एस. प्रभू यांच्या कार्याधारित अध्यापनाचा, म्हणजे व्याकरण थेट न शिकवता मुलांना कामं सोडवायला देऊन त्यातून भाषा शिकवण्याचा प्रकल्प १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतात झाला. तो बंगळूर प्रकल्प म्हणून ओळखला जातो. ॲलन बेरेटा आणि ॲलन डेव्हिस यांनी त्याचं मूल्यमापन केलं तेव्हा त्यांनी एक चाचणी व्याकरणरचनांवर घेतली, एक कार्याधारित घेतली आणि काही चाचण्या कोणत्याही पद्धतीच्या बाजूने न झुकणाऱ्या निवडल्या. रचनांच्या चाचणीत नेहमीच्या पद्धतीने शिकलेली मुलं पुढे, कार्याधारित चाचणीत प्रकल्पातली मुलं पुढे. तटस्थ चाचण्यांमध्ये कल बराचसा प्रकल्पाच्या बाजूने गेला. पहिलीच चाचणी घेऊन ते थांबले असते तर? तुमच्या इथेही एकच चाचणी असेल तर ती कोणी निवडली, हे अहवालात लिहा.

अभिप्रायाचे फॉर्म

बहुतेक ठिकाणी मूल्यमापन म्हणजे शेवटच्या तासाला वाटलेला फॉर्म. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे चार स्तर सांगितले: प्रतिक्रिया, शिकणं, वर्तनातला बदल आणि अंतिम परिणाम. फॉर्म पहिल्या स्तरावर थांबतो. २०१७ मध्ये बॉब उटल आणि सहकाऱ्यांनी आधीच्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं, त्यात विद्यार्थ्यांनी शिक्षकांना दिलेले गुण आणि विद्यार्थ्यांचं प्रत्यक्ष शिकणं यांत अर्थपूर्ण संबंध दिसला नाही. २०१५ मधल्या एका छोट्या प्रयोगात ऑनलाइन वर्गातल्या शिक्षकांची ओळख पुरुष आणि स्त्री अशी अदलाबदल करून दिली, तर काम तेच असूनही पुरुष समजल्या गेलेल्यांना जास्त गुण मिळाले. तेव्हा फॉर्मवरची सरासरी शिक्षकाच्या कामगिरीचा पुरावा म्हणून वापरू नका. अनुभव समजून घ्यायला मात्र फॉर्म कामाचा आहे, नीट केला तर.

नीट म्हणजे कसा? 'अभ्यासक्रम उपयुक्त वाटला का?' याला सगळे 'हो' म्हणतात. सुट्टी लागायची घाई असते. त्याऐवजी विचारा, 'गेल्या महिन्यात दुसऱ्या विषयाचं काही लिहिताना या वर्गात शिकलेलं काय वापरलंत? एक उदाहरण द्या.' उदाहरण सुचलं नाही तर ते रिकामं राहू द्या, रिकाम्या जागाही मोजता येतात. 'शिक्षकांची तयारी आणि शिकवण्याची पद्धत कशी होती?' हे दोन प्रश्न आहेत, ते वेगळे करा. 'सर्वात जास्त वेळ कशावर वाया गेला?' हा प्रश्न टाकायला धीर लागतो, पण मजकूर त्यातूनच मिळतो. एकूण सात-आठ प्रश्न पुरेत.

शेरे विद्यार्थ्यांना त्यांच्या सोयीच्या भाषेत लिहू द्या. इंग्रजीच्या अभ्यासक्रमाचा फॉर्म इंग्रजीतच भरायला लावणं ही एक विचित्र अट आहे: ज्यांना सर्वात जास्त अडचण आहे त्यांनाच अडचण सांगता येत नाही, ते 'व्हेरी गुड' लिहून मोकळे होतात. शिक्षक वर्गात नसताना फॉर्म भरवा आणि तो गुण जाहीर झाल्यावरच उघडला जाईल हे सांगा.

वेळही महत्त्वाची. बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम असेल तर चौथ्या-पाचव्या आठवड्यात तीन प्रश्नांचा कागद फिरवा: काय चालू ठेवावं, काय थांबवावं, काय कळत नाहीये. पुढच्या तासाला शिक्षकाने सांगावं, हे बदलतोय, हे बदलता येणार नाही, कारण अमुक. माझा सगळ्यात जास्त भरवसा या छोट्या कागदावर आहे, कारण ज्यांनी तक्रार केली त्यांनाच त्याचा फायदा होतो. सत्राच्या शेवटच्या फॉर्मचा लाभ पुढच्या तुकडीला होतो, आणि विद्यार्थ्यांना ते पक्कं माहीत असतं. वर्षाला दहा फॉर्म भरून एकाचंही उत्तर न मिळालेला विद्यार्थी अकराव्या वेळी सरळ सगळीकडे 'चार'वर टिक करतो. हा थकवा मूल्यमापनानेच निर्माण केलेला असतो.

आकडे वाचताना सरासरीवर थांबू नका. ३.५ सरासरी दोन प्रकारे येते. एकात सगळे तीन-चारच्या आसपास; दुसऱ्यात निम्मे पाच देतात आणि निम्मे दोन, म्हणजे वर्ग दुभंगलेला आहे. कदाचित आधीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेले एका बाजूला आणि बाकीचे दुसऱ्या. शिवाय फॉर्म कोणी भरला नाही ते पाहा. अभ्यासक्रम मध्येच सोडलेल्यांचं मत त्या सरासरीत नसतंच, आणि खरं तर सगळ्यात आधी फोन त्यांनाच करायला हवा.

वर्गनिरीक्षण

मागच्या बाकावर वही घेऊन कोणी बसलं की वर्ग नाटक करतो. विद्यार्थीसुद्धा, बहुतेकदा शिक्षकाला सांभाळून घेण्यासाठी. हे पूर्ण टाळता येत नाही, कमी करता येतं. आदल्या दिवशी शिक्षकाबरोबर दहा मिनिटं बसा आणि कशावर लक्ष द्यायचं ते त्यांना ठरवू द्या. एकच मुद्दा. वर्गात 'चांगलं', 'प्रभावी' असे शेरे लिहू नका, घड्याळ लावून घटना लिहा: १०.०५ ते १०.१९ शिक्षक बोलले, १०.१९ला प्रश्न विचारला, दोन सेकंदांत स्वतःच उत्तर दिलं, १०.३०पर्यंत मुलांनी एकही वाक्य लिहिलेलं नाही. अशा नोंदीवर वाद होत नाही. तास संपल्यावर तीच वही शिक्षकाच्या हातात द्या आणि आधी त्यांना बोलू द्या. बहुतेक जण तुमच्यापेक्षा कडक परीक्षण करतात, मग तुम्हाला सांभाळून घ्यावं लागतं. एकाच शिक्षकाचे निदान दोन तास पाहा. एकावरून काही ठरवू नका.

पुढच्या सत्रात पाठपुरावा

ही पायरी जवळपास कोणीच करत नाही. मुलं विषयविभागात गेल्यावर एक सत्र जाऊ द्या, मग त्यांतल्या आठ-दहा जणांना त्यांनी लिहिलेलं असाइनमेंट घेऊन बोलवा. पान समोर ठेवून विचारा: हा परिच्छेद कसा लिहिलास, हा संदर्भ कुठून आणलास, इथे कुठे अडलास? कधी कळतं की वर्गात घोटून घेतलेली संदर्भपद्धत त्या विभागात वापरतच नाहीत. कधी कळतं की तेव्हा कंटाळवाणा वाटलेला सारांशलेखनाचा सरावच उपयोगी पडला. सत्र संपताना कमी गुण मिळालेला घटक सहा महिन्यांनी वर चढतो, आणि 'मजा आली' असं ज्याबद्दल लिहिलं होतं त्याची आठवणही निघत नाही.

विषयशिक्षकांकडे लांबलचक प्रश्नावली पाठवू नका, उत्तर येणार नाही. दोन पेपर घेऊन पंधरा मिनिटं भेटा.

जमा झालेलं एकमेकांशी जुळवताना

पेपरांत प्रगती दिसते, फॉर्मवर नाराजी आहे आणि निरीक्षणात वर्ग शांत आहे, असं चित्र समोर आलं तर घाईने एकाला खोटं ठरवू नका. माल्कम पार्लेट आणि डेव्हिड हॅमिल्टन यांनी १९७२ मध्ये तेव्हाच्या मूल्यमापनावर टीका करताना त्याला शेतीतल्या वाणाच्या चाचणीची उपमा दिली: आधी रोपं मोजली, खत घातलं, नंतर उंची मोजली. रोपाला खताबद्दल मत नसतं आणि पट्टी पाहून ते ताठ उभंही राहत नाही. वर्ग समजून घ्यायचा तर विसंगतीच्या मागे जावं लागतं. वरच्या उदाहरणात मुलांना आठवड्याला दोनदा पुनर्लेखन करावं लागत होतं, असं निघू शकतं. वैताग आणि सुधारणा दोन्हीचं कारण तेच. मग प्रश्न असा उरतो की एकदाच करून घेतलं तर चालेल का, आणि तो सोडवता येण्यासारखा आहे.

डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७०च्या दशकात बजावलं होतं की एखादा आकडा निर्णयांसाठी जितका जास्त वापरला जाईल, तितका तो आकडा आणि तो ज्यासाठी आहे ते कामही बिघडत जाईल. फॉर्मवरचे गुण कंत्राटाशी जोडा. दोन वर्षांत असाइनमेंटं सोपी होतील, कडक शेरे बंद होतील आणि सरासरी सुंदर दिसेल. यात शिक्षकांचा दोष नाही. तुम्ही जे मागितलं ते त्यांनी दिलं.

अहवाल

चार पानं पुरेत. पहिल्या पानावर सुरुवातीला लिहून घेतलेलं ते निर्णयाचं वाक्य आणि त्यावर तुमचं उत्तर. नंतर पुरावा, विद्यार्थ्यांच्या शब्दांतली काही उदाहरणं, आणि कशावर ठाम बोलता येत नाही ते. सगळे तक्ते परिशिष्टात.

मसुदा आधी शिक्षकांना द्या, वरिष्ठांना नंतर. आठवडाभर वेळ द्या आणि त्यांना मान्य नसलेला मुद्दा त्यांच्याच शब्दांत अहवालात घाला. चारच शिक्षक असलेल्या विभागात 'एका शिक्षिकेच्या वर्गात' असं लिहिलं तर नाव लिहिण्याची गरजच उरत नाही, सगळ्यांना कळतं. अशी वाक्यं अहवालातून काढा आणि ज्यांच्याबद्दल आहेत त्यांना समोरासमोर सांगा. विद्यार्थ्यांचे शेरे जसेच्या तसे चिकटवतानाही जपा; एखाद्याच्या उच्चारावर किंवा दिसण्यावर लिहिलेलं वाक्य शिक्षकाच्या मनात वर्षानुवर्षं घर करून राहतं आणि त्यातून शिकण्यासारखं काहीच नसतं. ते गाळणं म्हणजे माहिती दडवणं होत नाही.

शिफारशी तीनच करा. प्रत्येकीसमोर कोण करणार, कधीपर्यंत आणि त्यासाठी कोणते तास मोकळे करून देणार ते लिहा. 'शिक्षकांनी वैयक्तिक मार्गदर्शन वाढवावं' अशी शिफारस वेळ न देता केली तर ती रविवारच्या सुट्टीतून वसूल होते, आणि पुढच्या मूल्यमापनाचं स्वागत कसं होईल ते सांगायला नको. मायकेल क्विन पॅटन १९७०च्या दशकापासून मांडत आले आहेत की मूल्यमापन कोण, कशासाठी वापरणार हे धरूनच ते आखावं. अहवाल लिहिताना त्याच वाचकाचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवा.

काम मिटवताना एक खोकं आणि एक फोल्डर तयार करा. त्यात दोन्ही संचांचे उतारे, नावं काढलेले नमुना पेपर, ज्यावर वाद होऊन एकमत झालं ते गुणनिकष, फॉर्मचे प्रश्न आणि कोणता प्रश्न फसला त्याची टीप ठेवा. विद्यार्थ्यांचे पेपर वापरण्याची लेखी परवानगी त्यातच. नव्या तुकडीच्या पहिल्या तासाला शिक्षकाने पाच मिनिटं काढून सांगावं की मागच्या मुलांनी काय लिहिलं होतं आणि त्यामुळे यंदा कोणते दोन बदल केलेत. मग सुरुवातीची चाचणी द्यावी.